तांब्याची कडी

वासंतीबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की तुमचा व्हॉल्व्ह परत गुरगुरतोय, आणि फोन ठेवला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. मी गुलटेकडीच्या चौकात स्कूटर कडेला घेऊन उभा होतो आणि मला राग आला तो ‘तुमचा’ या शब्दाचा. सहा फुटी टाकी त्यांची, डिस्कस मासे त्यांचे, मासे रंग धरून झुलत फिरायला लागले की पाहुण्यांकडून होणारं कौतुकही त्यांचंच. व्हॉल्व्ह तेवढा माझा. तो व्हॉल्व्ह म्हणजे मुठीएवढी वस्तू. टाकीतलं पाणी उडून थोडं कमी झालं की खालच्या हौदातला तरंगता गोळा उतरतो, वीज चालू होते आणि फिल्टरच्या नळीवर बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून गाळलेलं पाणी आत सोडतो. पाणी पुरेसं झालं की बंद. दिवसातून दहा-बारा वेळा. एवढंच त्याचं काम आणि ते तो बिनबोभाट करत होता. पाणी येत होतं, मासे खात होते. बाईंचं म्हणणं मात्र असं की तो उघडा असेपर्यंत डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतो आणि त्यांना पेपरसुद्धा वाचवत नाही.

पहिल्या खेपेला मी त्यांच्या सॅलिसबरी पार्कातल्या घरी गेलो तेव्हा दिवाणखान्यात गप्प उभा राहून ऐकलं. काही नाही. पंख्याचाही आवाज नाही इतकी शांत खोली. मग मी माझ्या पद्धतीने पाहिलं. टाकीखालचं कपाट उघडून स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. तीस वर्षं मी पुण्यातल्या लोकांच्या टाक्या सांभाळतोय, ते याच पद्धतीवर. पंप झिजलाय की त्याच्या पंख्यात गोगलगायीचा शंख अडकलाय हे मी काही न उघडता सांगतो. डेक्कनपासून कोंढव्यापर्यंत माझी ओळख तीच आहे, रज्जाक बागवान, कानाचा पक्का. तर स्क्रू ड्रायव्हरमधून गुणगुण आली. पण तशी ती कुठल्याही चालू कॉइलमधून येतेच. मी उठलो आणि बाईंना म्हणालो, काही नाही, हा त्याचा नेहमीचा आवाज. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. “म्हणजे मला भास होतात,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं तसं नाही, बिल्डिंगमध्ये आवाज भिंतींतून फिरतात. “भिंती पंचवीस वर्षांच्या आहेत, रज्जाकभाई. आवाज महिन्याचा आहे.” वासंतीबाई कोर्टात स्टेनो होत्या. न्यायाधीश तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत ते सगळं बिनचूक लिहून घेण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. बोलताना समोरच्याला कमीत कमी शब्दांत गार करायचं हे त्या तिथेच शिकल्या असाव्यात.

त्या दिवशी मी नळीखाली रबराचा तुकडा बसवला. दुसऱ्या खेपेला वीज तपासली, पाण्याचा दाब तपासला, फिल्टरकडून कचरा येतोय का पाहिलं आणि कॉइल बदलली. कॉइल म्हणजे व्हॉल्व्हच्या नळीवर बाहेरून चढवलेली तारेची गुंडाळी, ती पाच मिनिटांत बदलते. आतली नळी मी उघडली नाही. सव्वा महिन्यापूर्वी ती मीच उघडून, क्षार खरवडून, पुसून लख्ख केली होती. स्वतःच्या हातानं साफ केलेला भाग परत कशाला उघडायचा? नवी कॉइल चढवून मी विचारलं, आता? बाई म्हणाल्या, “तसाच.” तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईंना आवाज नको आहे की मी नको आहे? निघताना माशांच्या खाद्याच्या डब्यावर नजर गेली. डबा नवा होता आणि त्यावर वाघोलीच्या दुकानाचा शिक्का होता. सॅलिसबरी पार्कातल्या बाईला खाद्याला वाघोली गाठावी लागते? मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

मला माहीत आहे, संशयी माणूस कुणाला आवडत नाही. मी मुळात तसा नव्हतो. पण गेल्या वर्षभरात माझ्याभोवतीची माणसं हळू बोलायला लागली आहेत आणि ते मी उगीच म्हणत नाही, मी ते तपासून पाहिलं आहे. मार्केट यार्डात हमाल, टेम्पो, आडत्यांचे पुकारे असं सगळं एकदम चालू असतं. तिथे माझा भाऊ युसूफ फळांच्या गाळ्यावरून जे बोलतो तो शब्द न् शब्द मला कळतो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याचं बोलणं कळतं. फोनवर सगळं कळतं. मग शांत खोलीतच लोकांचे ओठ हलतात आणि आवाज पोचत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? मी एकच अर्थ घेतला. शांत खोलीत माणूस आवाज दाबतो तो लपवण्यासारखं काही असेल तरच. घरात जुबेदा, माझी बायको, ओट्याशी उभी राहून काहीतरी बोलते. मी विचारतो, काय म्हणालीस? ती मान हलवून काही नाही म्हणते. मध्यंतरी ती एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागली होती, तेव्हा मी तिला म्हटलं, ओरडतेस काय, मी काय बहिरा आहे? त्यानंतर तिने बोलणंच आवरतं घेतलं. दोन माणसांच्या घरात ताटावर बसताना उठताना जेवढं लागतं तेवढंच बोलणं उरलं. आणि आमच्या घरात दोन नाही, तीन माणसं आहेत.

तिसरी रझिया. माझी मुलगी, सव्वीस वर्षांची, प्राणिशास्त्र शिकलेली. ती माझ्या टाक्यांपुढेच वाढली. गच्चीवरच्या खोलीत मी माशांची पैदास करतो तिथे ती रांगत यायची. डिस्कस फार भित्रा मासा. जोडीने अंडी घातलेली असताना काच वाजली किंवा कुणी जोरात बोललं तर नर-मादी घाबरून स्वतःचीच अंडी खाऊन टाकतात. म्हणून मी तिला पहिला नियम शिकवला तो हा की टाकीपुढे हळू बोलायचं आणि अब्बांचा हात पाण्यात असेल तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. चार वर्षांची असल्यापासून तिने तो कधी मोडला नाही. कॉलेजातून आली की गच्चीवर यायची, शेजारी उभी राहून जाळी धरायची, पिल्लं मोजायची. जानेवारीपासून ती वर येईनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही. समोर आली तर अब्बा, जेवलात का विचारायची आणि नजर खाली. फेब्रुवारीत जुबेदानं सांगितलं की रझियाला वाघोलीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. रझियानं नाही, जुबेदानं सांगितलं. मी विचारलं, मला कुणी विचारलं का? जुबेदा काहीतरी म्हणाली, तोंड फिरवून. मला एवढंच कळलं की दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे.

प्रयोगशाळेतून परतणाऱ्या मुलीच्या अंगाला कसला वास असतो मला माहीत नाही. पण एक दिवस ती दारात चपला काढत होती आणि मी पाहिलं, तिची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होऊन वाळली होती. फक्त उजवी. बाहीवर पाण्याची पांढरट रेघ होती. तसली रेघ माझ्या प्रत्येक शर्टावर आहे. टाकीत हात घालणाऱ्या माणसाशिवाय ती कुणाच्या अंगावर येत नाही. दुसऱ्या दिवशी नगर रस्त्यानं तिच्या बसमागे स्कूटर घातली. आपल्याच मुलीच्या मागे असं जाताना लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. वाघोलीत ती उतरली आणि भैरूच्या दुकानात शिरली. भैरू म्हणजे तिथल्याच गावचा शेतकऱ्याचा पोरगा, जमिनीवर इमारती झाल्या तेव्हा तळमजल्यावर त्याने हे माशांचं दुकान थाटलं. गेली दोन वर्षं माझी गिऱ्हाइकं एकेक करून त्याच्याकडे सरकत होती. रस्त्याच्या पलीकडून, चहाच्या टपरीशी उभं राहून, मी काचेतून बघत राहिलो. रझियानं ओढणी कमरेला खोचली, बाही वर सारली, ती सारली तरी भिजतेच, आणि हात पाण्यात घातला. हात कसा घालायचा ते मीच शिकवलेलं, बोटं जुळवून, सावली पडू न देता. भैरू बाजूला उभा राहून आदरानं बघत होता. मी चहा न पिता परत आलो.

मग धागे जुळायला वेळ लागला नाही. माझ्या घरातून माझी गिऱ्हाइकं कोण कुठे आहेत ते वाघोलीला कळतं. खाद्याचा डबा वाघोलीचा. वासंतीबाईंना दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारा आवाज येतो, बरोबर मी साफसफाई केल्यानंतर. माणसाला सरळ काढून टाकणं अवघड जातं, वर्षानुवर्षांचे संबंध असतात. त्यापेक्षा त्याच्या कामात आवाज काढायचा. जो दाखवता येत नाही, नाही म्हणता येत नाही असा आवाज. मला त्यात बाईंचा राग कमी आणि रझियाचा जास्त येत होता. तिला धंदाच करायचा होता तर गच्चीवरची खोली कुणासाठी बांधली होती मी? जुबेदाला मी कधी बोललो नव्हतो, पण माझ्यानंतर त्या टाक्यांकडे रझियाच बघेल असं मी गृहीत धरून चाललो होतो. तेवढ्यासाठी सकाळी उठून खोकत खोकत जिना चढत होतो. आता ती चढण कुणासाठी चढायची हा प्रश्न होता आणि तो मी कुणाला विचारू शकत नव्हतो.

तिसऱ्या फोननंतर मी ठरवलं की बाईंना पकडायचं. दुपारी गेलो ते सहा मीटर वायर आणि बेलचं बटण घेऊन. व्हॉल्व्हची वीज त्या बटणावर घेतली, वायर बाल्कनीत नेली आणि बाईंना म्हणालो, तुम्ही तुमच्या खुर्चीत पेपर वाचत बसा, मी बाहेर दार लावून बटण दाबीन आणि सोडीन, आवाज आला की बोट वर करा, थांबला की खाली. बाईंना ते आवडलं. “साक्षीदार फुटतोय का ते बघायचंय तर,” म्हणाल्या आणि पेपर उघडून बसल्या. खुर्चीची पाठ बाल्कनीकडे, माझा अंगठा त्यांना दिसणं शक्य नव्हतं. काचेच्या दारातून मला त्यांचा हात दिसत होता. मी बटण दाबलं. बोट वर. सोडलं. खाली. मी नुसता उभा राहिलो, बराच वेळ, समोरच्या झाडावरचे कावळे बघत. बोट हललं नाही. दाबलं, वर. लगेच सोडलं, लगेच खाली. मी दार किलकिलं करून मुद्दाम म्हणालो, आता चालू केलाय, आणि बटणाला हात लावला नाही. बाईंनी पेपरातून मान न काढता बोट नाही म्हणून हलवलं. अकरा वेळा मी त्यांना फसवायला बघितलं आणि अकराही वेळा त्या बरोबर होत्या.

मी दार उघडून आत आलो. बटण हातात तसंच होतं. बाई उठल्या, माझ्या हातातून बटण घेतलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. आता तुम्ही. मी बसलो. समोर मासे होते, ताटाएवढे, सावकाश फिरणारे. मी कान दिले. खोलीत शांतता होती, भरलेली, नेहमीची. मला वाटलं त्यांनी अजून दाबलं नाही. मग वाटलं दाबलं असेल आणि मी बोट वर केलं. खाली घेतलं. परत वर केलं. मी त्यांच्या खांद्याची हालचाल टाकीच्या काचेत दिसते का ते बघत होतो. त्यांनी हात पदराखाली घेतला होता. अशी चोरून बघायची सवय मला कधी लागली? आणि तेव्हा, त्या खुर्चीत, मला माझे वडील आठवले. कितीतरी वर्षांत आठवले नव्हते तसे.

ते मार्केट यार्डात कलिंगडाचे व्यापारी. कलिंगडाला टिचकी मारून ते सांगत, हे आज कापा, हे परवा. लांबून लोक त्यांच्याकडून निवडून घ्यायला येत. माझा कान त्यांच्याकडून आला असं सगळे म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी नवीच तऱ्हा काढली, कलिंगड उचलून गालाला, कानाखालच्या हाडाला घट्ट लावायचं आणि मग टिचकी. गिऱ्हाइकांना ती त्यांची खासियत वाटायची. युसूफ आणि मी पाठीमागे हसायचो. त्याच वर्षांत ते भिंतीला पाठ लावून बसायला लागले, सगळी माणसं समोर दिसतील अशी. आम्ही दोघं भाऊ काही बोलायला लागलो की विचारायचे, माझ्याबद्दल काय ठरवताय? मी एकदा त्यांच्या पुढ्यात उभा राहून सांगितलं, अब्बाजान, आम्ही तुमच्याविरुद्ध काही बोलत नाही. ते टक लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, हा म्हातारा माझ्या तोंडावर खोटं शोधतोय, आणि मी रागानं तिथून निघून गेलो. ते गेले तेव्हाही त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता. ते खोटं शोधत नव्हते. शब्द शोधत होते.

वासंतीबाई खुर्चीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टाकीखालचं कपाट उघडलं आणि बटण दाबून धरलं, मला दिसेल असं. खालच्या हौदात नळीतून पाण्याची धार सुरू झाली, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा होता. धार पडत होती आणि मला त्या धारेचाही आवाज येत नव्हता. हे माझ्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. धार मी नेहमी बघतच आलो होतो. “रज्जाकभाई,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, “तुम्हाला ऐकू येत नाहीये.” हे मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. मग त्या वाकून जवळ आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “तुम्ही इतकं हळू बोलता, मला वाटायचं किती सभ्य माणूस.” स्वतःचं बोलणं मला हाडातून मोठंच ऐकू यायचं. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, व्हॉल्व्हला टेकवला, हाडाला लावला. भुंगा होता. मोठा, खरखरीत, चांगलाच बिघडलेला आवाज. पहिल्या खेपेला मी तोच ऐकून नेहमीचा म्हणालो होतो, कारण हाडातून येणाऱ्या आवाजाशिवाय मला शांत खोलीत दुसरा आवाजच उरला नव्हता आणि तोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

बाईंनी पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. मग त्या समोर बसून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या, श्रुतलेखन घालावं तसं. आठ दिवसांपूर्वी त्यांनी वाघोलीच्या दुकानातून माणूस बोलावला होता. लपवायचं काही नव्हतं, त्यांना नुसतं दुसरं मत हवं होतं. आली ती एक मुलगी. दारातच थबकली, टाकीकडे बघितलं, तेवढ्यात व्हॉल्व्ह चालू झाला. ती म्हणाली, आतली तांब्याची कडी बसवायची राहिली असेल. बाईंनी मग बसवून दे म्हटलं तर तिने हात मागे घेतले. “म्हणाली, ही अब्बांची टाकी आहे, मी हात लावणार नाही. खाद्याचा डबा ठेवला, पैसे घेतले नाहीत, आणि मी आले होते हे त्यांना सांगू नका म्हणाली. मी सांगितलं नाही. तुम्हालाच सापडेल म्हणून तुम्हालाच बोलावत राहिले.”

मी कॉइल काढली, नळी उघडली. आतल्या लोखंडी माथ्यावर एक बारीक खाच असते, तिच्यात बांगडीसारखी तांब्याची कडी बसते. वीज सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते, तसं आतलं लोखंड शंभरदा सुटायला बघतं. ती कडी त्याला धरून ठेवते. कडी नसली तरी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी येतं, फक्त लोखंड थरथरत राहतं. खाच रिकामी होती. मी माझ्या पिशवीतली वायसरची डबी उपडी केली. कडी तिच्यात होती, लख्ख पुसलेली. दीड महिन्यापूर्वी मी ती साफ करून बाजूला ठेवली, व्हॉल्व्ह जुळवला, धार पडलेली बघितली आणि घरी गेलो. ऐकू येणाऱ्या कुठल्याही माणसाला त्याच मिनिटाला कळलं असतं. मी कडी बसवली, कॉइल चढवली, बटण दाबलं. स्क्रू ड्रायव्हर लावायला हात उचलला आणि खाली ठेवला. बाईंना विचारलं, गेला? त्या म्हणाल्या, गेला. कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवून काम संपवायची ही माझी पहिलीच वेळ होती. त्यांनी मान डोलावून परत सांगितलं आणि मी पिशवी भरली.

घरी येताना मी स्कूटर ढकलत आणली, चालवावीशी वाटली नाही. मार्केट यार्डाच्या मागच्या गेटाशी टेम्पो उलटे लागत होते, हमाल एकमेकांना हाका मारत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. इथे सगळेच घसा ताणून बोलतात, एवढाच त्याचा अर्थ होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही आणि दुसऱ्या किती गोष्टी आल्या. मी जिन्यात थांबलो. मनात अजूनही एक किडा वळवळत होताच. कान गेला असेल, पण रझिया भैरूकडे गेली हे तर खरं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला कान लागत नाही. ती का गेली, हे मला तिच्या तोंडून हवं होतं, आणि ती जे सांगेल ते ऐकायला मी घाबरत होतो.

दोघी स्वयंपाकघरात होत्या. जुबेदा कणीक मळत होती, रझिया नुकतीच येऊन हात धूत होती, उजवी बाही ओली. मला बघून दोघी गप्प झाल्या. रोजच्यासारख्याच. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. जुबेदाचे हात कणकेत थांबले. ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं सांग, मी चिडणार नाही. तिने रझियाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला वाटत होतं तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडलंय,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कणकेच्या हातांनी ते पुसताही येईना. मी तिच्या जवळ गेलो नाही. मला आधी दुसरं विचारायचं होतं आणि ते राहून गेलं तर परत धीर झाला नसता. मी रझियाला म्हटलं, मी वाघोलीला आलो होतो, टपरीवरून तुला बघितलं, मला सगळं माहीत आहे. फक्त का गेलीस ते सांग.

ती टॉवेलला हात पुसत राहिली. मग माझ्यासमोर आली आणि माझ्या तोंडाकडे न बघता मोठ्यानं बोलली. समोरच्या गॅलरीत कपडे काढणारी सोजरबाई हातातला कपडा तसाच धरून इकडे बघायला लागली इतक्या मोठ्यानं. “मी विचारलं होतं अब्बा तुम्हाला. जानेवारीत. गच्चीवर. जोडी अंड्यावर होती, तुम्ही टाकी भरत होतात, हात पाण्यात होता. मी मागे उभी राहून विचारलं, मला नोकरी नको, मला तुमच्याबरोबर घ्याल का. तुम्ही वळलासुद्धा नाहीत. मला वाटलं तुम्हाला नाही म्हणायचंय आणि म्हणवत नाहीये. परत विचारून तुम्हाला कशाला अडचणीत टाकू? मग भैरूदादांनी विचारलं. मी हो म्हटलं. तुम्हाला लागू नये म्हणून घरी कॉलेज सांगितलं. तुमचं एकही गिऱ्हाईक मी त्यांना सांगितलं नाही.”

मी म्हटलं, आता परत विचार. तिने मान हलवली. आता नको अब्बा, म्हणाली, आता तिथे अकरा टाक्या माझ्या अंगावर आहेत, एक जोडी आजउद्या अंडी घालेल, अशी सोडून येता येत नाही. मला हे उत्तर कळलं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मग तिने शुक्रवारी तिला सुट्टी असल्याचं सांगितलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली, आणि अम्मीच्या हातातली परात घेऊन कणीक पुढे मळायला लागली. पाठमोरी. मी तिच्या खांद्याला हात लावला, ती वळेपर्यंत थांबलो आणि विचारलं, त्या दिवशी माझ्यामागे किती वेळ उभी होतीस?

“टाकी भरेपर्यंत,” ती म्हणाली.

गच्चीवरची ती टाकी भरायला पाऊण तास लागतो.